दादा गेला, मी अजून इथंच आहे

दादा गेला त्या सकाळी आम्ही आष्टीला परत निघालो होतो. सुट्टी संपली होती, पोरांच्या शाळा उघडायच्या होत्या. आईनं शेवया, कुरडया, पाडाच्या कैऱ्या असं सगळं पिशव्यांत भरून ठेवलं होतं. दादानं पिशव्या मोटारसायकलला बांधल्या आणि म्हणाला, "सुमे, मी फाट्यावर जाऊन थांबतो. तुमी या सावकास. यष्टीला वेळ हाय." मी, माझी सई आणि धाकटा ओम पायी निघालो. फाटा समोर दिसत होता, दादाची पाठही दिसत होती. तेवढ्यात नदीकडच्या कच्च्या वाटेनं वाळूचा टिपर वर आला. रस्ता मोकळा होता. त्याला हवं तिकडून जाता आलं असतं. तो दादाच्या बाजूला वळला… पुढं जाऊन जरासा थांबला, आणि चालवणाऱ्यानं खिडकीतून डोकं काढून मागं बघितलं. मी त्याला बघितलं. त्यानं मला बघितलं. मग तो निघून गेला. मी पळत पोचले तेव्हा रस्त्यावर कैऱ्या घरंगळत होत्या आणि दादाचा श्वास थांबला होता.

काही आठवडे झाले याला. माणूस गेल्यावर चांगलं तेवढं आठवावं, असं भेटायला येणारे सांगतात. आठवते की. उमापूरच्या खाली गोदावरीकाठचं आमचं गाव. वडील लवकर गेले, माझं लग्न दादानंच लावलं, स्वतःचं करायचं मात्र राहून गेलं आणि त्याची त्याला कधी खंतही वाटली नाही. दरसाल नदीचं पात्र उघडं पडलं की तो वाळूत खड्डे करून शेणखत भरायचा आणि टरबुजाची वाडी लावायचा. मे महिन्यात माझी पोरं आली की उशिराच्या वेलांवरची कच्ची फळं त्यांची. बाभळीच्या काट्यानं फळावर नाव कोरायचं. फळ फुगत जाईल तसं अक्षरही मोठं होत जातं. सई रोज सकाळी आधी वाडीत पळायची. "मामा, माझा स लई मोठा झाला!" दादा म्हणायचा, "तू बी व्हायलीस की." आष्टीत शेजारच्या मुलीला दूध आवडत नाही म्हणून तिची आई रागावते ते मी ऐकते, आणि इथं माझी पोरं बिनसाखरेचा काळा चहा मामाच्या बशीतून भांडून प्यायची. असा आमचा उन्हाळा होता. थोर काही नव्हतं त्यात. आमचा होता, एवढंच.

यंदा वाळूवाल्यांनी वाडीतूनच वाट पाडली. एका सकाळी पोरं गेली तर वेल चिरडलेले, टरबुजं फुटून लाल चिखल झालेला, आणि ओम आपलं नाव असलेली साल हातात घेऊन उभा. दादानं आरडाओरडा केला नाही. बैलगाडी ओढत नेली आणि त्या वाटेत आडवी लावली. दुपारी वाळूच्या मालकाचा पुतण्या आला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. जिथं लिहून द्यायचं तिथं दिलंय. लहानपणी तो याच वाडीत टरबूज खायला यायचा, आणि दादा त्याला गाभा काढून द्यायचा.

"नदी काय तुझ्या बापाची हाय का बे?" तो म्हणाला.

"बापाची न्हाई. पण वाडी माझी हाय. वाळू न्यायची तर वरच्या अंगानं न्या."

तो हसला. "वरून म्हणतोस ना? तुझ्यावरून नेतो मग."

जेवताना मी म्हणाले, दादा, गाडी काढून टाक. तो भाकरी मोडत म्हणाला, "पोरगं हाय ते. बोलतंय. तू कावून भ्यायलीस?" गाडी त्यानं काढली नाही. दोन दिवसांनी आम्ही निघालो.

पोलीस ठाण्यात मला बोलावलं ते सही करायला. आरोपी हजर झालाय, ओळखा आणि सही करा. समोर एक उतारवयाचा माणूस हात जोडून उभा होता. थंडीत ऊस तोडायला जाणारा, उन्हाळ्यात वाळूवाल्यांच्या गाडीवर राबणारा. माझ्याकडं बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

"हा नव्हता," मी म्हणाले.

साहेब समजुतीनं बोलले, "ताई, तुमी लांब होता."

"लांब होते. आंधळी नव्हते."

मी पुतण्याचं नाव घेतलं तेव्हा तो म्हातारा मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मला त्याची दया आली. ठाण्यातून निघताना माझ्याजवळ जेवढी दया होती, ती त्याच्यावरच संपली.

दहाव्याला मालक स्वतः आला, पांढऱ्या कपड्यांत. आई दारातच बसलेली. दारी आलेल्याला पाणी द्यायचं तिनं जन्मभर चुकवलं नव्हतं. त्याला दिलं नाही. तो उभ्यानंच बोलला, "आक्का, पोराच्या हातून चूक झाली. नाव मागं घ्या. सांगाल ते करतो."

मी म्हणाले, "त्याला त्याच फाट्यावर उभा करा. टिपर मी चालवते. येत न्हाई मला, पण तेवढा चालवीन."

तो गेला. पुतण्याला धरलं, पण तो लवकरच जामिनावर सुटला, आणि सुटला त्या दिवशी गावात फटाके वाजले. कागदावर अजून अपघातच लिहिलाय. न्याय हा शब्द लोक माझ्यापुढं जपून ठेवतात, पाहुण्यापुढं ताट ठेवावं तसा. मला तो नको. मला तो पोरगा मोडलेला बघायचाय. दादाला माती दिल्यापासून मला दुसरं काही मागावंसं वाटलेलं नाही.

पोरांचे बाबा न्यायला आले. चांगला माणूस आहे. म्हणाले, "सुमन, पोरांना यात ओढू नको." नाही ओढलं. सईनंही ते तोंड बघितलंय, पण तिचा जबाब मी होऊ दिला नाही. यष्टीत बसताना तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. मला वाटलं, पापा घेईल. ती म्हणाली, "मम्मी, त्याला सोडू नको." दहा वर्षांची पोर… मला भीती वाटली. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. त्या दिवशी आमचा उन्हाळा संपला. पुढच्या मे महिन्यात पोरांना इथं आणायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही.

मी इथंच राहिलेय. नदीला अजून पाणी नाही, त्यामुळं टिपर चालूच आहेत. दादाची एक सवय होती. काम आटोपलं की बाज दाराबाहेर काढून रस्त्याकडं तोंड करून बसायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "कुठं निघाला?" उत्तराशी त्याला देणंघेणं नसायचं. आता ती बाज मी काढते. त्या पोराची काळ्या काचांची जीप याच रस्त्यानं घरी जाते, दुसरा रस्ता नाही. जीप जवळ आली की मी मोठ्यानं विचारते, "कुठं निघाला रे?" आधी तो वेग वाढवायचा. मग हॉर्न दाबून धरायला लागला. चार दिवस झाले, जीप आलेली नाही. शेजारी सांगतात, पाहुण्यांकडं जाऊन राहिलाय.

काल आई म्हणाली, "घे आत बाज. न्हाई येत तो आता."

"येईल," मी म्हणाले. "घर इकडंच हाय त्याचं."