प्रेसला लावलेला टिळा

दक्षिणेतल्या ओरगडमच्या कारखान्यात काम उरकावं म्हणून पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेफ्टी सेन्सर मीच चावीने बंद केला होता. त्यात आमच्या ऑपरेटरची दोन बोटं गेली. अहवालात मी चूक त्याची दाखवली.

माझी झोप उडाली म्हणून कंपनीने समुपदेशकाकडे पाठवलं. "स्वतःला माफ करा," तो म्हणायचा. मी हो म्हणायचो. वाटायचं काहीच नाही.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीच्या यंत्रपूजेला, ऑपरेटरने त्याच प्रेसला टिळा लावला आणि चंदनाची वाटी माझ्यापुढे धरली. "लावा सार, आज बंद आहे, चावणार नाही."

"सेन्सर मी बंद केला होता."

"माहीत आहे, सार. चावी तुमच्याकडेच असते."

हलकं वगैरे काही वाटलं नाही. टिळा लावला आणि अहवाल बदलून द्यायला मॅनेजरकडे गेलो.