टोपीत न पडलेली चिठ्ठी

टोपीत आठ चिठ्ठ्या पडल्या. आम्ही नऊजण होतो.

शनिवारची सकाळ. कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीच्या घराचा हॉल. दर शनिवारी घर साफ करायचं ते आम्ही नव्या पोरांनी, आणि कोणी काय करायचं ते बेसबॉलच्या टोपीतल्या चिठ्ठीवर ठरायचं. मी म्हटलं, माझं नाव राहिलं. चॅप्टरचा, म्हणजे आमच्या शाखेचा, प्रेसिडेंट ब्रॅड हसला. म्हणाला, "तुला चिठ्ठी कशाला? तुझ्याकडे संडास. तुमच्यात पिढ्यान्पिढ्या हेच करतात म्हणे."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ब्रॅडला टेक्सासबाहेरचं जग ठाऊक नव्हतं. त्याला माझी जात सांगू शकेल असा त्या खोलीत एकच जण होता, समीर. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

समीर म्हणजे ह्यूस्टनच्या डॉक्टरकाकांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षं पुढे. आम्ही तिथल्याच जवळच्या शुगर लँडचे, बाबा तेलकंपनीत इंजिनिअर. गणपतीला, दिवाळीला महाराष्ट्र मंडळात भेटायचो. बाबा तिथं आडनाव पुटपुटायचे आणि आई "आम्ही नाशिककडचे" म्हणून विषय बदलायची. पण घरातला निळ्या कोटातला फोटो बाबांनी कधी कोणासाठी उतरवला नाही. माझं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात समीरची आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. तिनं तो फोटो पाहिला. चहा तसाच ठेवून उठली. अ‍ॅसिडिटी आहे म्हणाली.

तरी मला फ्रॅटर्निटीत आणलं समीरनंच. "ये यार, मी आहे ना," म्हणाला. फ्रॅटर्निटी म्हणजे सगळी पोरं एका घरात राहणार, एकमेकांना ब्रदर म्हणणार. पहिली सेमिस्टर सांगतील ते मुकाट करायचं, मग कोटाला पिन मिळते आणि तुम्ही भाऊ. हायस्कूलची चार वर्षं मी कॅफेटेरियात एकटा जेवलो होतो. मला ती पिन हवी होती. काय वाट्टेल ते करून हवी होती.

म्हणून घासले संडास. अख्खी सेमिस्टर. बीअर पिऊन ओकून ठेवलेले. बाकीच्यांची कामं बदलायची, कधी लॉन, कधी भांडी. माझं बदललं नाही. एकदा समीरला गाठलं, तर म्हणाला, "अरे, जोक आहे. इतकं पर्सनली घेऊ नकोस." त्या शहाण्याला एवढंही माहीत नव्हतं, की गावात आमच्या लोकांकडे मेलेली गुरं ओढायचं काम होतं. त्याच्या लेखी आम्ही सगळे एकच.

डिसेंबरात पिन मिळाली. आता घराची एक रीत राहिली होती. ज्या थोरल्या भावानं तुम्हाला आणलं, त्याला तुम्ही लाकडी पॅडल द्यायचं, वल्ह्यासारखी फळी, स्वतःच्या हातानं केलेली. तिच्यावर घरानं तुम्हाला ठेवलेलं नाव कोरायचं. द्यायचं ते पेरेंट्स डेला, सगळ्यांच्या आईबापांदेखत. माझा थोरला भाऊ समीर. आणि मला नाव ठेवलं होतं 'ब्रश'.

मी ते कोरलं. तीन आठवडे लागले. अक्षरं वाकडी येऊ नयेत म्हणून पट्टीनं आखून घेतली, तीनदा व्हार्निश दिलं. वर पुन्हा ते बघून खूश होत होतो. मूर्ख कुठला.

पेरेंट्स डेला आईबाबा चार तास ड्राइव्ह करून आले. बाबा सुटात. माझी पिन तिरकी झाली होती, ती त्यांनी बोटानं सरळ केली. मग फळी हातात घेऊन वाचली.

"हे नाव कोणी दिलं?"

मी म्हटलं, गंमत असते बाबा, सगळ्यांनाच देतात. कशावरून दिलं, त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. टोपी, चिठ्ठी, संडास, सगळं सांगितलं.

"आणि कोरलं कोणी?"

"मी."

बाबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "गावात मलाही नाव ठेवलं होतं. माझ्या बापालाही ठेवलं होतं. पण ते आम्ही आमच्या हातानं लिहिलं नाही."

त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. समीर दोन्ही हात पुढे करून उभा. मागं त्याचे आईवडील, कॅमेरा सरसावून. मी फळी दिली नाही. आधी मराठीत बोललो, त्याच्या आईला आपल्याच भाषेत ऐकू यावं म्हणून. "माझी चिठ्ठी तू टोपीबाहेर ठेवलीस. हे तुला मिळणार नाही." मग तेच इंग्रजीत सांगितलं, जात म्हणजे काय हेही सांगितलं, समोरच्या सगळ्या आईबापांना. ब्रॅड म्हणाला, बस खाली. मी पिन काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. एकही ब्रदर मागं आला नाही.

पुढं काही चांगलं झालं नाही. मंडळाचे फोन बंद झाले. आईच्या मैत्रिणी तुटल्या. ती कित्येक महिने माझ्याशी धड बोलत नव्हती. चॅप्टर होता तसा चालू राहिला. समीर डॉक्टर झाला.

फळी माझ्याकडेच आहे. जाळली नाही. माझ्या हातानं कोरलंय, ते मला दिसत राहायला हवं. आडनाव मी आता पुटपुटत नाही. खणखणीत सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मंडळ असो, ऑफिस असो, मी असेन तिथं चिठ्ठ्या सगळ्यांच्या पडतील. एकाची जरी बाहेर राहिली, तर टोपी उलटी करीन. मग ती कोणाच्याही हातात असो.