फोटोपुरता बेल्ट

"वाळवण कुठीसा घालता, माय?"

घरावर सोलर बसवायला आलेला माणूस आधी मीटर कुठे आहे ते विचारतो. आमचे मिस्त्री आधी हे विचारायचे. तेही घरमालकाला नाही, त्याच्या मागे दारात उभ्या असलेल्या बाईला. ती गोंधळून नवऱ्याकडे बघायची. नवरा म्हणायचा, "तिले काय इचारता? मले इचारा."

मिस्त्री चपला काढता काढता म्हणायचे, "तुमी लाटता का पापड?"

बाईला हसू यायचं. ती त्यांना गच्चीवर न्यायची आणि हाताने दाखवायची: इथे कुरड्या, इथे मुंगवड्या, तिकडे तुरीची डाळ. मिस्त्री तेवढी जागा खडूने आखून घ्यायचे. सोलरच्या प्लेटांचा विषय त्यानंतर.

नकाशात प्लेटा गच्चीच्या मधोमध असायच्या. मिस्त्री त्या उत्तरेच्या कडेला न्यायचे. तुम्ही कधी बघितलं असेल, प्लेटांची तोंडं दक्षिणेला असतात आणि सावली मागे पडते. कडेला बसवल्या की ती सावली घराबाहेर जाते आणि गच्ची उन्हात राहते. "सावली बाहेर टाकू, ऊन बाईले ठेवू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्यासाठी स्टँडचे मागचे उंच पाय अगदी काठावर बसवावे लागायचे, आणि ते बसवणारा माणूसही काठावर उभा राहायचा. आमच्याकडच्या बऱ्याच गच्च्यांना कठडा नसतो.

मी दारव्ह्याच्या एका सोलर एजन्सीत अर्ज भरायला आणि कामाचे फोटो काढायला होते. आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी युनियनचं पत्रक मिळायचं. कामगारांचे हक्क मी बाराखडीबरोबरच शिकले. तर पहिल्याच आठवड्यात मी मिस्त्रींना भाषण दिलं. सेफ्टी बेल्टशिवाय काठावर उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या नफ्यासाठी स्वतःचा जीव टांगणं आहे, असं बरंच काही.

ते तंबाखू मळत शांतपणे ऐकत होते. "चांगलं बोलतं तू, पोरी. घालतो बेल्ट. पण त्याचा दोर बांधू कायले? तुह्या भाषणाले?"

गच्चीत हूक नव्हता, हे मला तेव्हा दिसलं.

बेल्ट मात्र होता. एकच. प्रत्येक कामाचा फोटो वरच्या ऑफिसला पाठवावा लागायचा आणि त्यात माणसाच्या अंगावर बेल्ट दिसावा लागायचा. एकाच दिवशी दोन-तीन गावांत कामं चालायची. म्हणून सकाळी मी तो मिस्त्रींच्या अंगावर चढवायची, फोटो काढायची, उतरवायची आणि पिशवीत घालून पुढच्या गावाला न्यायची. पाठीवरचं बकल त्यांच्या हाताला पोचत नसे. ते मीच काढायची.

"नवरदेव दिसतो का वं?" फोटोला ताठ उभं राहून ते विचारायचे. तोंडावर हसू मात्र आणायचे नाहीत.

मी एजन्सीच्या मालकांकडे आणखी बेल्ट आणि गच्चीसाठी हूक मागितले. आधी तोंडी, मग लेखी. "पाहू," ते म्हणाले. आणि मी फोटो काढत राहिले.

मिस्त्री बोरी अरबजवळच्या तांड्यावरचे. "आमचे बुढे बैलावर मीठ लादून चालत. मी पाठीवर प्लेटा लादून जिने चढून राह्यलो," असं ते सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या घरावर टिनं होती. त्यावर प्लेट बसवता येईल का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आमची बायको टिनावर चढत नाही. तिले कायचं ऊन ठेवू?"

एप्रिलमध्ये नेरच्या अलीकडच्या एका गावात काम निघालं. आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी पहाटेच कुरड्या घातल्या होत्या. अर्ध्या गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर ओल्या कुरड्यांच्या रांगा. आम्हाला बघून त्या लुगडं ओढायला धावल्या.

"राहू द्या, याडी," मिस्त्री म्हणाले. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "ओल्या हायेत, तुटतीन. आमी कडेकडेनं जातो."

मी फोटो काढला, बकल सोडलं, बेल्ट पिशवीत घातला आणि बोरीला निघाले. तिथे दुसऱ्या एका माणसाच्या पाठीवर तेच बकल लावत असताना फोन आला.

प्लेटेचं एक टोक धरून मिस्त्री मागे मागे सरकत होते. पाय लुगड्यावर पडेल असं वाटलं, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. बाजूला गच्ची नव्हती. यवतमाळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी मी त्या घरी गेले. म्हाताऱ्या बाई जिन्यात बसून होत्या. "एकही कुरडी नाई तुटली वं," त्या म्हणाल्या. मी शेजारी बसले. त्या तेच पुन्हा म्हणाल्या.

अपघात हा शब्द मी इथे वापरणार नाही.

दोन दिवसांनी मालकांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. बेल्ट दिलेला होता, कामगाराने तो स्वतः काढला, असं त्यावर लिहिलं होतं. सोबत त्या सकाळचा फोटो जोडला होता. "खोटं काय हाय यात? फोटो त तूच काढला," ते म्हणाले.

मी सही केली नाही. पोलीस ठाण्यात जाऊन माझा जबाब दिला: बेल्ट फोटोपुरता होता आणि त्यांच्या अंगावरून तो मी काढला. लिहून घेणारा हवालदार थांबला. "बाई, 'मी काढला' असंच लिहू काय?"

"असंच लिहा."

नोकरी त्याच दिवशी गेली. त्या जबाबाचं पुढे काय झालं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी दर आठवड्याला जाऊन विचारते.

तेराव्याच्या आधी मी तांड्यावर गेले. मिस्त्रींच्या बायकोला, काकूंना, भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात मिस्त्रींचा एकही धड फोटो नव्हता. माझ्या फोनमध्ये ढीगभर होते. काकू एकेक बघत गेल्या. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे छातीवर काय बांधलं हाय?"

"बेल्ट. पडू नये म्हणून असतो."

"असं सामान होतं त्यायच्यापाशी?"

"होतं."

"मंग पडले कसे?"

मी सगळं सांगितलं. बकलासकट सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला तिथे बसता आलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. फोन माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "यातला नोको."

परवा पुन्हा गेले होते. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला आहे. मोठा करताना चेहरा फिस्कटला आहे. डोळे कुठले, भुवया कुठल्या, नीट कळत नाही. ओळखीची माणसंही जवळ जाऊन बघतात आणि मग मान हलवतात. खांदे मात्र स्पष्ट दिसतात. त्यांवर पांढऱ्या सदऱ्याशिवाय काही नाही.