कळपामागं राहिलेला अर्जुना

आटपाडीच्या अर्जुनाचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की तो आणि बायको विजयमाला कळप घेऊन घाट उतरायची, कोकणात हिंडायची आणि पावसाआधी परतायची. पोरबाळ नव्हतं. माळावर दिवसदिवस तिच्याशिवाय बोलायला कुणी नसायचं, पण त्याला कधी एकटं वाटलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, परतीच्या वाटेवर पाटणजवळ त्याला ताप चढला. दम लागायला लागला. कराडात खाट मिळेना, म्हणून त्याला सांगलीला हलवलं. मेंढरं वाऱ्यावर सोडून विजयमालेला जाता येईना, आणि गेली असती तरी तिला आत कुणी घेतलं नसतं. गाडीचं दार लागताना ती एवढंच म्हणाली, "मी म्होरं होते. तुमी बरं हून या."

वॉर्ड माणसांनी भरलेला, पण चेहरा कुणाचाच दिसायचा नाही. शेजारच्या खाटेवरचे रामगोंडा पाटील तेवढे मास्क जरा बाजूला करून आपल्या द्राक्षबागेचं काहीबाही सांगायचे.

न्यूमोनिया उतरतोय असं वाटत असतानाच एका दुपारी खोकल्याची उबळ आली आणि अर्जुनाच्या छातीत काहीतरी फाटल्यासारखी कळ उठली. श्वास आत जाईना. रामगोंडांनी ताट आपटून नर्सला बोलावलं. आजारानं खिळखिळं झालेलं फुफ्फुस फुटलं होतं. छातीत हवा साठून ते मिटलं होतं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बुडबुडे यायचे थांबले की हवा निघाली समजायची, असं त्याला सांगितलं. तो बाटलीकडं बघत पडून राहायचा.

बुडबुडे थांबले, तेव्हा ते सांगायला तो शेजारी वळला. खाट रिकामी होती. गादीवर नवी चादर घातलेली होती.

अर्जुना वाचला. पण चढ आला की छाती भरून यायची. पुढच्या दिवाळीनंतर विजयमाला भाच्याला घेऊन कळपामागं गेली आणि तो गावात राहिला. गाव त्याचंच, पण थंडीतलं गाव त्यानं कधी बघितलंच नव्हतं. कुणाच्या कट्ट्यावर जाऊन बसावं, हेही कळेना.

दिवस मावळताना तिचा फोन यायचा.

"जेवलासा का?"

"व्हय," तो म्हणायचा. चूल अजून पेटायची असायची. "ठेवू नगंस. फोन जरा मेंढरांकडं धर."