कंटेनरची जागा सांगणाऱ्या ताई

"चाललंय ना? मग हात नको लावू."

ताईंची नि माझी ओळख या वाक्याने झाली. बोलताना त्यांचा तळहात मॉनिटरवर होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

पनवेलजवळ, कोनच्या पुढे एका कंटेनर यार्डात त्या क्लार्क होत्या. मूळच्या उरणच्या कोळीवाड्यातल्या. मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांवरून पायथन शिकून त्यांनी एकटीने एक प्रोग्रॅम लिहिला होता. नंबर टाकला की कंटेनर कुठल्या रांगेत आहे ते तो सांगायचा. पण चालायचा फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर. न्हावा शेव्याच्या बंदरातून आलेले ड्रायव्हर उन्हात खिडकीशी ताटकळत, आणि ताईंना धड जेवायलाही उठता येत नसे. असं एकाच खुर्चीला बांधलेलं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

तोच प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये, म्हणजे कुणाच्याही मोबाइलवर उघडावा, म्हणून मालकांनी मला खारघरहून बोलावलं होतं.

मी तोऱ्यात सगळं नव्याने लिहिलं. ताईंनी पहिलाच नंबर मुद्दाम मध्ये जागा सोडून टाकला. माझं पान म्हणालं, असा कंटेनर नाही.

"ड्रायव्हर असाच टाकनार. माझ्यात बघ."

त्यांच्या प्रोग्रॅमला तो लगेच सापडला. खिडकीत बसून ऐकलेल्या प्रत्येक चुकीची त्यांनी आत सोय करून ठेवली होती. मी माझं लिखाण पुसलं, त्यांचा प्रोग्रॅम जसाच्या तसा ठेवला आणि वर फक्त वेबपान चढवलं.

"आतलं सगळं तुमचंच आहे, ताई."

त्यांनी खिडकीशी थांबलेल्या ड्रायव्हरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् मला कोन इचारनार आता?"



पान सुरू झालं त्या दिवशी दुपारपर्यंत खिडकीशी कुणी उरलं नाही. ताई डबा न उघडता बसून होत्या. मला अपराधी वाटायला लागलं. एकदम त्या उठल्या, अंबाड्यावर कसंबसं हेल्मेट बसवलं आणि मोबाइल घेऊन बाहेर पडल्या. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक कंटेनरची जागा सांगितली, पण त्या रांगांमध्ये त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"गावला! बारावी रांग, तिसरा. मी लिवलंय तिथंच हाय रे!"

गेल्या वर्षी ताई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. प्रोग्रॅम अजून चालतो. मला मात्र त्या दिसतात त्या दुपारच्याच: निळ्या-तांबड्या कंटेनरांच्या भिंतींमधून, पदर खोचून, एकेक नंबर मोठ्याने वाचत पुढे पुढे चाललेल्या.