‘आपणच आहो’ म्हणणारं दार

जगातली प्रत्येक गोष्ट हळूहळू जागची सरकते आणि ते सगळ्यांत आधी आपल्यालाच कळतं, अशी खात्री बाळगणारा माणूस अख्ख्या मेहकर तालुक्यात एकच आहे, आणि तो माझाच मावसभाऊ निघावा हे माझं नशीब. दादा डोणगावच्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. फोटो पाहून निकाल देणारी यंत्रं असतात, ती बिघडली की काय यावर त्याने नजर ठेवायची. हे बिघडणं म्हणजे तार तुटणं नव्हे. यंत्र जुने फोटो पाहून शिकलेलं असतं, जग पुढे जातं, आणि यंत्र आपलं जुन्याच शिकवणीवर बोलत राहतं. सोयाबीनची प्रत ठरवणारं त्यांचं एक यंत्र चांगल्या दाण्याला डागी म्हणू लागलं, तेव्हा दादाने शोधून काढलं की गोदामाचे पत्रे बदललेत आणि आतला उजेड पिवळा झालाय. मग त्या उजेडातले नवे फोटो दाखवून यंत्राला परत शिकवलं. याला तो म्हणतो, डाटा सरकला.

कामापुरतं ठेवलं असतं तर कुणाची ना नव्हती. पण दादा पंगतीतही पहिल्या वाढपाचं वरण वाटीत राखून ठेवतो, शेवटचं आलं की दोन्ही चाखतो आणि यजमानाला बोलावून वरण सरकल्याचं सांगतो. एका लग्नात यावरून नवरीचे मामा रुसले. टपरीवाला तर त्याला लांबून पाहिलं तरी साखरेचा डबा झाकतो. दादाची जिरली ती एकदाच, न्हाव्याकडे. केस असे काप म्हणून याने स्वतःच्या लग्नातला फोटो पुढे केला. न्हाव्याने फोटो पाहिला, डोकं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "दादा, डाटा लयच सरकला."

वहिनी होत्या तोवर घरात माणसांचा राबता असे. कुणाला विरजण हवं, कुणाला ब्लाउज बेतून हवा. स्वयंपाकघर मागे, त्यात मिक्सरचा आवाज, त्यामुळे बायका हाका मारून परत जायच्या. म्हणून दादाने दारावर कॅमेरा बसवला आणि आलेल्याचं तोंड पाहून मोठ्याने नाव सांगायला दाराला शिकवलं. नावं अर्थात दादाच्या पसंतीची. माझे केस पिकले तरी मी आलो की दार म्हणे, "मावशीचं पोरगं आलं." दादा स्वतः आला की, "आपणच आहो." माणसांची तोंडं बदलतात, चष्मे लागतात, दाढ्या वाढतात, म्हणून दाराने ताज्या चेहऱ्यांवर शिकत जायचं आणि जुने टाकून द्यायचे, असा नियम त्यानेच घातला होता. त्या नियमाचा त्याला फार अभिमान.

मग वहिनी गेल्या. दिवस होईपर्यंत माणसं आली, नंतर थांबली. विरजण मागायला कुणी एकट्या बाप्याच्या घरी जात नाही. मीही त्याला टपरीवरच भेटायचो. दिवाळीत पुण्याहून त्याची लेक आली, तेव्हा दार म्हणालं, "आपणच आहो." ती हसली. मागून मी शिरलो, तर मलाही तेच. शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली, तिलाही तेच. इतके दिवस दारासमोर दादाशिवाय कुणी उभंच राहिलं नव्हतं, तेव्हा येणारा प्रत्येक माणूस म्हणजे दादाच, अशी दाराने समजूत करून घेतली होती. वरणातला फरक ओळखणाऱ्या दादाला हे कळलं नाही, कारण त्याच्यापुरतं दार रोज बरोबरच बोलत होतं. लेकीचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"बाबा, घराले कुलूप लावा अन् चाला माह्याकडे," ती म्हणाली.

दादाने संक्रांतीपर्यंतची मुदत मागितली. दार सुधारलं तर इथेच राहणार, नाही तर पुणं. मी म्हटलं, सोपं आहे, दाराने टाकले तरी जुने फोटो तुझ्याकडे जपलेले आहेत, तेच परत घाल. दादाने नको म्हणून मान हलवली.

"त्याच्यात ती हाये. एखाद्या दिवशी दारानं चुकून तिचं नाव घेतलं, तं मी उठून पाहीन ना बे."

म्हणून मग ताजे चेहरे हवे झाले. दादाने सगळी आळी चहाला बोलावली. माणसं टोपी घालून आली, टोपी काढून आली, बाया डोक्यावर पदर घेऊन आणि न घेता आल्या. एक आजोबा तर चिवडा आवडला म्हणून कानटोपी, मफलर, उपरणं असं आलटून पालटून दिवसभर येत राहिले. घर पुन्हा गजबजलं. संक्रांतीला लेक आली आणि दार खणखणीत म्हणालं, "पोरगी आली." तिने पुण्याचा विषय काढला नाही, तिळगूळ देऊन गेली. दार शिकलं, काम संपलं, आणि माणसांचं येणंही हळूहळू संपलं.

परवा दादाचा फोन आला. डाटा परत सरकला म्हणे, रविवारी येऊन जा. मी गेलो. चपला काढतोय तोच दार शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणालं, "मावशीचं पोरगं आलं." आत दोन कपांत चहा आधीच ओतून ठेवलेला होता. माझ्याकडे न पाहता दादा म्हणाला, "पाह्य, दार चुकून राह्यलं ना?"

"हाव दादा," मी म्हटलं, "लयच चुकून राह्यलं. पुढच्या रविवारी बी यावं लागीन."