खुब्यातली वाटी आणि पंगतीतली मांडी

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी टायटेनियमच्या चकत्यांवर प्रकाश टाकते. हाडात बसवायच्या धातूला रक्त लागलं की आधी त्यातली प्रथिनं चिकटतात, मग पेशी येतात, आणि कित्येक आठवड्यांनी हाड रुजतं. प्रथिनांचा तो पहिला थर डोळ्यांना दिसत नाही. परतलेल्या प्रकाशातल्या बदलावरून आम्ही त्याची जाडी मोजतो. चकतीला बोट लागलं तर बोटाचं तेलही त्यात मोजलं जातं, म्हणून ती चिमट्यानंच धरायची.

त्याच धातूची वाटी वडिलांच्या खुब्यात बसवली. डॉक्टरांनी बजावलं, सांगेपर्यंत मांडी घालायची नाही. मी गावी, पिंपळवंडीला जाऊन सगळ्यांना समजावलं, प्रथिनं लगेच चिकटतात पण हाडाला वेळ लागतो, तोवर वाटी हलता कामा नये. चुलत्यांनी मान डोलावली. शिकलेली पोरगी बोलतेय म्हणून डोलावली, एवढंच.

पुढच्याच महिन्यात चुलतभावाचा साखरपुडा निघाला. आमच्या घरात थोरल्यानं, म्हणजे वडिलांनी, व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं, नाहीतर सोयरीक मनातून नाही असं धरतात. मी आधीच खुर्ची आणून ठेवली होती. चुलत्यांनी ती उचलून भिंतीकडं सारली.

"दादा, पावणं खाली आन् तुमी वर? बरं दिसतं का राव?"

"काका, डॉक्टरांनी नको म्हटलंय," मी म्हणाले.

"तू गप गं. तुझं मशीन तिकडं पुण्यात."

वडील माझ्याकडं बघून ओशाळं हसले. "दोन घास खातो आन् उठतो. काय व्हत न्हाई."

उठताना खुबा निखळला. ते तिथंच आडवे झाले, पत्रावळीवर.

वाटीही जागची हलली होती, दुसऱ्या ऑपरेशनात ती काढावी लागली. हाड नुकतं कुठं धरायला लागलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. नवी वाटी बसली, पण पाय आखूड झाला. रोज सकाळी टोमॅटोच्या वावरात जाणारा माणूस आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जातो. आमच्या प्रयोगशाळेत एका बोटाच्या डागासाठी अख्ख्या दिवसाचं काम टाकून देतात, कुणी कुरकुरत नाही. घरच्यांना एक खुर्ची खपली नाही.

परवा त्याच घरी, त्याच चुलतभावाच्या बाळाचं बारसं होतं. चुलत्यांनी स्वतः खुर्ची आणली, व्याह्यांच्या शेजारी मांडली, वर उशी ठेवली.

"दादा, ऐसपैस बसा."

वडील बसले. भात वाढायचं माझ्याकडं होतं. ओळीनं वाढत गेले आणि चुलत्यांचं पान तेवढं वगळून पुढं सरकले. चुलते मान खाली घालून बसले. वडिलांनी खुर्चीवरून ते पाहिलं.

"त्याला बी वाढ," ते म्हणाले. "पंगतीत कुणाचं पान रिकामं ठिवू न्हाई."

पंगतीचा मान राखायचा होता. मी मागं वळले आणि वाढलं.